रेस्क्यू ग्रुप चालवताय? आधी आपली माणसं टिकवा

पावसाळ्यात किडे पडलेल्या जखमा, दिवाळीत फटाक्यांना बिथरून गाडीखाली आलेली कुत्री, संक्रांतीला नायलॉन मांज्यात अडकलेल्या घारी, म्हणजे वर्षभर उसंत अशी नाहीच. आमच्या ग्रुपमध्ये अकरा जण होतो, दोन वर्षांत चार उरलो. भांडणं वगैरे काही नाही, एकेकाने फक्त फोन उचलणं बंद केलं.

तर सुरुवात फोनपासूनच करा. कोणाचाही स्वतःचा नंबर वाटू नका, ग्रुपचं वेगळं सिम घ्या आणि ते दर आठवड्याला दुसऱ्याकडे द्या. ज्याच्याकडे सिम नाही त्याला त्या आठवड्यात सुट्टी, ग्रुपवर कितीही वाईट फोटो पडला तरी.

फोन करणाऱ्यालाही कामाला लावा. "कुत्रं पडलंय, लवकर या" एवढं बोलून लोक निघून जातात आणि आपण तासभर गल्लोगल्ली शोधत बसतो. त्यांना सांगा, लोकेशन आणि व्हिडिओ पाठवा, आम्ही येईपर्यंत तिथेच थांबा, सावली करा, बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी ओतू नका, आणि जमलं तर रिक्षाने दवाखान्यात आणा, आम्ही तिथे भेटतो. गाय-बैल असेल तर 1962 वर, म्हणजे जनावरांच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन करायला सांगा.

आता अवघड गोष्ट, नाही म्हणणं. जितके पिंजरे तितक्याच केस, त्यापुढे नाही. हे आम्ही फार उशिरा शिकलो. एका जूनमध्ये आमच्याकडे पार्वोची (पिल्लांना होणारा जीवघेणा, संसर्गजन्य आजार) पाच पिल्लं होती, एका मुलीने कॉलेज सांभाळून सहा रात्री जागून काढल्या, सलाईनची सुई निघू नये म्हणून पिल्लाचा पाय हातात धरून ती बसल्या बसल्या झोपायची. तीन पिल्लं गेली. सातव्या दिवशी सहावं आलं आणि आम्ही परत तिलाच विचारलं, घेशील का? तिने घेतलं, आणि त्यानंतर ती कधी आली नाही. चूक आमचीच होती. आता केस गेली की त्या माणसाला आठवडाभर दुसरी केस द्यायची नाही, त्याने स्वतःहून मागितली तरी नाही. तसंही पार्वोचा व्हायरस जागेत महिनोन्महिने टिकतो, ब्लीचने नीट धुतल्याशिवाय तिथे नवीन पिल्लू ठेवूच नये.

प्राण्याला इंजेक्शन देऊन कायमचं शांत करायची, म्हणजे दयामरणाची वेळ आली तर तो निर्णय एकट्यावर कधीच टाकू नका, डॉक्टरांसमोर निदान तिघं तरी हजर पाहिजेत.

दवाखान्याची उधारी कोणा एकाच्या नावावर नको, आणि खिशातून घातलेले दोनशे रुपये पण हिशोबात लिहा.

प्राणी हाताळणाऱ्या प्रत्येकाला रेबीजची लस आधीच द्या, 0, 7 आणि 21 किंवा 28 व्या दिवशी. तरीही चावलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं जखम धुवायची आणि लगेच डॉक्टरकडे जायचं. आधीचा कोर्स पूर्ण असेल तर सहसा 0 आणि 3 ऱ्या दिवशी असे दोनच डोस लागतात. ही लस झाली नसेल तर माणूस रोज मनात धाकधूक घेऊन काम करतो, आणि ते कोणाला सांगतही नाही.

कोणी ब्रेक मागितला तर कारण विचारू नका, ग्रुपमधून काढूही नका. परत आला की थोडे दिवस अ‍ॅडॉप्शनचे फोटो, औषधं आणणं अशी कामं द्या, लगेच पार्वोची केस हातात देऊ नका.