बांधावरचं पोकळ झाड तोडण्याआधी

ऊसतोडी आटोपत आल्या की शेतकऱ्याचं लक्ष बांधाकडं वळतं. "सावली पडतीया, काढून टाका," असं कुणीतरी म्हणतं आणि वाळका आंबा किंवा पोकळ जांभूळ आडवा होतो. यंदा झाडाला कटर लावण्याआधी ढोलीसमोर अर्धा तास गप्प बसून बघा.

मागल्या वर्षी आमच्या गड्यानं जळणाच्या झाडाच्या ढोलीत हात घातला आणि "अण्णा, आत नाग हाय!" म्हणत मागं उडी मारली. फूत्कार मीही ऐकला. मग ढोलीतून चिमणीपेक्षा लहान पाखरू बाहेर आलं. डोकं काळं, गाल पांढरेशुभ्र, पाठ राखी आणि पोटावरनं उभी काळी पट्टी. ती राखी वल्गुली होती. अंड्यांवर बसलेली मादी सापासारखी फुसफुसते. झाड अजून उभं आहे.

वल्गुली अळी पायाखाली दाबून चोचीनं ठोकून खाते. पिल्लं असली की दिवसभर अळ्यांचीच वाहतूक. नेदरलँड्समध्ये सफरचंदाच्या बागेत तिच्या जवळच्या जातीसाठी घरट्याच्या लाकडी पेट्या टांगल्या, तेव्हा झाडामागं फळ 4.7 किलोवरून 7.8 किलोवर गेल्याचं 2002 साली प्रसिद्ध झालं. हा आकडा आपल्या आंबा-काजूला जसाच्या तसा लावू नका. शिवाय हे झाडावरचं पाखरू. आजरा-चंदगडच्या काजूत, परड्यातल्या आंब्यावर, शेवग्यावर त्याचा उपयोग. उसातल्या खोडकिडीला मात्र नाही. कधी कळी, कधी पिकलं फळ टोचते, तेवढं सोसायचं.

ढोली नसेल तर पेटी करा. वीण बहुतेक फेब्रुवारीपासून सुरू होते, म्हणून पेटी आत्ताच टांगलेली बरी. जुन्या खोक्याच्या फळ्या चालतात, आतून रंग नको. तळ साधारण 12 बाय 12 सेंटिमीटर, भोक तळापासून वीतभर वर. भोक दहाच्या नाण्यापेक्षा किंचित मोठं, 28 ते 30 मिलिमीटर; त्याहून मोठं केलंत तर चिमण्या शिरतात. भोकाखाली बसायला काडी हौसेनं लावतात, ती लावू नका. शत्रूला पाय ठेवायला जागा होते. तळाला पाणी निथळायला दोन-चार बारीक छिद्रं. पेटी दोन पुरुष उंचीवर, तोंड पूर्वेला. पश्चिमेला केलंत तर राधानगरी-गगनबावड्याकडचा पाऊस सरळ आत.

पिल्लं उडायला साधारण तीन आठवडे लागतात. तोवर त्या झाडावर जहाल कीटकनाशक मारू नका. अळी फारच वाढली तर 5 टक्के निंबोळी अर्कावर भागवा. जहाल औषध लागलेली अळी थेट पिल्लाच्या चोचीत जाते. दिवाळीच्या सुमारास पेटी रिकामी असल्याची खात्री करून जुनं घरटं काढा, मुंग्या झटका आणि पुन्हा तिथंच टांगा. आणि ढोली सिमेंटनं बुजवायची असेल तर आधी आत कोण आहे ते बघा.