अनुदानाचा प्रस्ताव का फेटाळला जातो? संस्थांनी या चुका टाळाव्यात

एखादी संस्था वर्षानुवर्षे प्रामाणिकपणे काम करते, तिच्या कामाबद्दल तिथल्या लोकांना काडीचीही शंका नसते, आणि तरीही तिचा प्रस्ताव पहिल्याच छाननीत बाद होतो. मग ‘वर ओळख असल्याशिवाय काही होत नाही’ असा निष्कर्ष काढून कार्यकर्ते मोकळे होतात. ओळखीचा उपयोग कुठे होत असेलही. पण फेटाळलेले प्रस्ताव शांतपणे वाचून पाहिले, तर पुष्कळांमध्ये एकच दोष आढळतो. काम चांगले आहे हे त्यांत कळकळीने सांगितलेले असते, मात्र वाचणाऱ्याला ते पडताळून पाहण्याची सोय ठेवलेली नसते. छाननी करणाऱ्या व्यक्तीने आपले काम पाहिलेले नसते, तिच्यासमोर इतरही प्रस्तावांचा ढीग असतो आणि ज्याची शिफारस करायची त्याचे समर्थन तिला समितीपुढे करावे लागते. त्या समर्थनासाठी लागणारी सामग्री तिच्या हाती देणे हेच प्रस्तावाचे खरे काम आहे.

निधी पाहून प्रकल्प आखणे

पहिली चूक लेखणी उचलण्याआधीच होते. पर्यावरणासाठी निधी जाहीर झाला म्हणून आरोग्याचे काम करणारी संस्था घाईघाईने वृक्षलागवडीचा प्रकल्प तयार करते, आणि मागच्या कामाच्या तपशिलात त्याचा कुठेही मागमूस नसल्यामुळे तो बनाव लगेच उघडा पडतो. मार्गदर्शक सूचनांमधील पात्रतेच्या अटी, म्हणजे कार्यक्षेत्र, नोंदणीला झालेली वर्षे, लेखापरीक्षित हिशेबांची मागणी आणि रकमेची मर्यादा, या आधी तपासाव्यात. शिवाय त्या निधीसंस्थेने गेल्या दोन-तीन वर्षांत प्रत्यक्षात कोणाला आणि साधारण किती रक्कम दिली, हे तिच्या वार्षिक अहवालात पाहावे. घोषित उद्दिष्टांपेक्षा ही यादी अधिक खरे बोलते. आपल्या वार्षिक उलाढालीपेक्षा मोठी रक्कम मागितली, तर ती पेलण्याची क्षमता कुठून येणार हा प्रश्न येणारच. त्याचे उत्तर प्रस्तावातच असावे, नाहीतर मागणी कमी करावी.

संस्थेची अडचण ही लोकांची गरज म्हणून मांडणे

‘आमच्याकडे जागा नाही, वाहन नाही, मनुष्यबळ अपुरे आहे’ हे सगळे खरे असते, पण ती संस्थेची अडचण झाली. निधी देणाऱ्याला जाणून घ्यायचे असते की लोकांच्या आयुष्यात नेमके काय अडले आहे आणि ते कोणाचे अडले आहे. इथे आणखी एक सवय घातक ठरते: गरज सिद्ध करण्यासाठी देशपातळीवरची आकडेवारी ओळीने द्यायची आणि स्वतःच्या कार्यक्षेत्राबद्दल मात्र दोन भावनिक वाक्यांवर भागवायचे. राष्ट्रीय सरासरीवरून एका वस्तीची स्थिती कळत नाही. आपल्याच हजेरीपटातून, घरोघरी केलेल्या पाहणीतून किंवा केंद्रावर आलेल्या लोकांच्या नोंदवहीतून काढलेला एक साधा आकडा, तो कधी आणि कसा काढला हे सांगून दिला, तर त्याचे वजन कितीतरी जास्त असते.

उपक्रमालाच परिणाम समजणे

‘20 शिबिरे घेतली जातील’ हा उपक्रम झाला. त्या शिबिरांनंतर किती जणांनी उपचार पूर्ण केले, हा परिणाम. हा भेद नवा नाही. अमेरिकेच्या यूएसएड या विकाससंस्थेसाठी 1969 च्या सुमारास जो तार्किक आराखडा तयार झाला आणि पुढे अनेक निधीसंस्थांनी स्वीकारला, त्याचा गाभा हाच आहे. साधने, उपक्रम, त्यातून निघालेले फलित आणि अखेरचा बदल यांची साखळी त्यात मांडायची, आणि प्रत्येक टप्प्याचा निर्देशक, म्हणजे तो टप्पा गाठल्याची मोजता येणारी खूण, व पुरावा सोबत द्यायचा. आराखड्याचा तक्ता मागितलेला नसला तरी लिहिण्यापूर्वी तो स्वतःसाठी भरावा. ज्या रकान्यात पुरावा सुचत नाही, तिथे प्रकल्प अजून धूसर आहे असे समजावे. दुसरीकडे, वर्षभराच्या प्रकल्पातून ‘गरिबीचे निर्मूलन’ करण्याचे वचन देणाऱ्या प्रस्तावावर अनुभवी वाचक विश्वास ठेवत नाही.

मजकूर आणि अंदाजपत्रक यांची फारकत

सर्वाधिक नुकसान इथे होते, म्हणून थोडे सविस्तर पाहू. समजा, मजकुरात लिहिले आहे की तीन ठिकाणी, प्रत्येकी 30 मुलांसाठी, आठवड्यातून पाच दिवस संध्याकाळी दोन तासांचे अभ्यासवर्ग दहा महिने चालतील. आता अंदाजपत्रक उघडावे. त्यात दोन शिक्षकांचे आणि एका समन्वयकाचे दहा महिन्यांचे मानधन आहे, 60 मुलांच्या साहित्याचा खर्च आहे, देखरेखीसाठीच्या प्रवासाची तरतूद नाही आणि शेवटी ‘इतर खर्च’ या नावाखाली एक ठोक रक्कम टाकलेली आहे. मुले तर 90 आहेत. तिन्ही वर्ग एकाच वेळी भरणार असतील तर दोन शिक्षक पुरणार नाहीत. वर्ग सुरू होण्याआधी शिक्षकांचे प्रशिक्षण आणि मुलांची प्राथमिक चाचणी, तसेच वर्ग संपल्यावरची चाचणी आणि अहवाल धरला, तर समन्वयकाचे काम बारा महिन्यांचे आहे, दहा महिन्यांचे नव्हे. वाचणाऱ्याने एवढे गणित केले की त्याचा आधीच्या दहा पानांवरचाही विश्वास डळमळतो, कारण प्रकल्प कोणीच पूर्ण विचार करून आखलेला नाही हे त्याच्या लक्षात येते.

उपाय सरळ आहे. प्रत्येक ओळ संख्या, दर आणि कालावधी यांच्या गुणाकाराच्या रूपात लिहावी, म्हणजे चूक आपल्यालाच आधी दिसते. नंतर प्रस्ताव न लिहिलेल्या सहकाऱ्याला फक्त अंदाजपत्रक देऊन त्यावरून प्रकल्पाचे वर्णन करायला सांगावे; त्याचे वर्णन आणि आपला मजकूर जिथे जुळत नाही, तिथे दुरुस्ती करावी. ‘इतर खर्च’ शक्यतो काढून टाकावा.

याच्या जोडीला प्रशासकीय खर्च लपवण्याची चूक येते. आपण काटकसरी दिसावे म्हणून संस्था हिशेबनीस, कार्यालयाचे भाडे, लेखापरीक्षण यांचा खर्च शून्य दाखवतात, आणि मग तो कुठून तरी भागवताना कार्यकर्त्यांचे मानधन थकते. ही काटकसर नव्हे, हा कार्यकर्त्यांवर अन्याय आहे. असा खर्च नियमांनाही मान्य असतो, फक्त मर्यादा वेगवेगळी असते. अमेरिकेच्या संघीय अनुदानांत स्वतंत्रपणे ठरवून घेतलेला दर नसलेल्या संस्थांसाठी अप्रत्यक्ष खर्चाचा, म्हणजे कार्यालय, हिशेब अशा सामायिक खर्चाचा, सरसकट दर ऑक्टोबर 2024 पासून 10 वरून 15 टक्के झाला. भारतात परदेशी निधीतील प्रशासकीय खर्चाची मर्यादा 2020 च्या कायदेदुरुस्तीने 50 वरून 20 टक्क्यांवर आली. भारतातील सीएसआर निधीच्या, म्हणजे कंपन्या सामाजिक दायित्व म्हणून खर्च करतात त्या निधीच्या, 5 टक्के मर्यादेबद्दल तर मोठा गैरसमज आहे: ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चाला आहे, विशिष्ट प्रकल्पाच्या अंमलबजावणीवर थेट होणाऱ्या खर्चाला नाही. तेव्हा प्रकल्पासाठी राबणाऱ्या समन्वयकाचे मानधन त्या 5 टक्क्यांत कोंबण्याचे कारण नाही.

कागदपत्रे आणि ऑनलाइन अर्ज

नोंदणी प्रमाणपत्र, बँक खाते आणि करविषयक कागद यांवरील संस्थेच्या नावात एका अक्षराचा फरक असला तरी अर्ज अडकू शकतो. तो दुरुस्त करायला वेळ लागतो, म्हणून निधी जाहीर होण्याची वाट न पाहता आधीच करून घ्यावा. नोंदण्यांची मुदत आणि कार्यकारी मंडळाच्या ठरावावरील सह्याही याच वेळी पाहाव्यात.

ऑनलाइन अर्जात मराठीतून लिहिणाऱ्यांना एक वेगळीच अडचण येते. मर्यादा अक्षरांची असेल, तर प्रणाली बहुधा काना, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातील हलन्त चिन्ह हे सगळे स्वतंत्रपणे मोजते. ‘संस्था’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा वाटतो, पण तिथे तो सहा चिन्हांचा ठरतो. त्यामुळे बेतून लिहिलेला मजकूर चौकटीत मावत नाही, काही वेळा तर शेवटचे वाक्य सूचना न देता कापले जाते. मजकूर आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहून, चौकटीत टाकून, जतन करून पुन्हा उघडून पाहावा, आणि हे शेवटच्या दिवशी करू नये.

नकार आल्यावर आणि मंजुरी मिळाल्यावर

नकारानंतर तोच प्रस्ताव नाव बदलून दुसरीकडे पाठवणे सोपे असते, पण त्यातून पुन्हा नकारच पदरी पडतो. कारण विचारणारे छोटे, विनम्र पत्र लिहावे. सगळेच उत्तर देत नाहीत. जे देतात त्यांच्या एका वाक्यातूनही दोष पात्रतेत होता, आखणीत होता की निधीच संपला होता, हे कळते, आणि या तिघांवरचे उपाय अगदी वेगळे आहेत.

मंजुरीनंतरची मोठी चूक म्हणजे अडचण कळवण्यात केलेली दिरंगाई. शिक्षक सोडून गेले, वर्ग दोन महिने उशिरा सुरू झाले, साहित्याचा दर वाढला, हे कुठेही घडते आणि निधी देणाऱ्यांना ते ठाऊक असते. मात्र एका शीर्षाखालची रक्कम दुसऱ्या शीर्षाखाली परस्पर वळवून वर्षअखेरीस विनियोग प्रमाणपत्रात, म्हणजे निधी कशावर खर्च झाला हे सांगणाऱ्या दाखल्यात, ती उघड झाली, तर रक्कम परत करण्याची वेळ येऊ शकते. पुनर्विनियोजनाची, म्हणजे रक्कम एका शीर्षाखालून दुसऱ्या शीर्षाखाली वळवण्याची, किंवा वाढीव निधीशिवाय मुदतवाढीची विनंती मुदत संपण्याच्या पुरेशी आधी लेखी करावी, तिच्यात आजवरचा खर्च, शिल्लक रक्कम आणि सुधारित वेळापत्रक द्यावे, आणि मंजुरीचे उत्तर लेखी मिळेपर्यंत मूळ अंदाजपत्रकानुसारच खर्च करावा.