लायनफिश पाळताय? सोलापुरात होणाऱ्या या चुका टाळा

लायनफिश मेला की सोलापुरात पहिला दोष उन्हाला मिळतो. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर, समुद्र कुठल्या कुठे, मग मासा जगणार कसा, असं म्हणत माणूस टाकी विकून मोकळा होतो. मला हे पटत नाही. खाऱ्या पाण्यातल्या माशांत लायनफिश चांगलाच दणकट आहे. उन्हाची सोय करता येते. तो मरतो तो बहुतेक वेळा आपल्या लाडानं.

भुकेला दिसतो म्हणून खायला घालणं

लायनफिश कायम भुकेलाच दिसतो. आपण खोलीत आलो की पंख पसरून काचेशी येतो आणि टक लावून बघतो. गड्ड्याच्या यात्रेला आमच्याकडे पाहुण्यांनी घर भरलेलं होतं. जो येईल त्याला मासा खाताना बघायचा होता, आणि मलाही दाखवायची हौस. पाच दिवस रोज कोळंबी, एकदा तर दिवसातून दोनदा. सहाव्या दिवशी सकाळी टाकीचं पाणी ताकासारखं झालेलं, तळाशी अर्धवट पचलेले गुलाबी तुकडे आणि मासा कोपऱ्यात फुगून बसलेला. सडक्या खाण्यातून पाण्यात अमोनिया हे विष तयार होतं, त्याची टेस्ट केली तर नळीतलं पाणी हिरवं. ते पिवळं राहायला हवं होतं. तुकडे नळीनं ओढून काढले, पाणी बदललं आणि आठ दिवस त्याला काही दिलं नाही. वाचला.

पूर्ण वाढलेल्या माशाला आठवड्यातून दोन-तीनदा खाणं पुरतं, लहान पिल्लाला एक दिवसाआड. तुकडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. निरोगी मासा आठवडाभर खाल्लं नाही तरी काही बिघडत नाही, तेव्हा दोन दिवस तोंड फिरवलं म्हणून दुकानाकडे धावू नका.

दुकानात गेलात की हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘जिवंत गोल्डफिश सोडा, लगेच खातोय बघा.’ खातो, अगदी चवीनं खातो. पण गोल्डफिशमध्ये थायमिनेज नावाचं एंझाइम असतं आणि ते जीवनसत्त्व बी-१ नष्ट करतं. काही महिन्यांनी मासा खाणं सोडतो, तोल जाऊन तिरका पोहतो आणि आपण पाण्याला दोष देत बसतो. शिवाय गोड्या पाण्यातल्या माशांत समुद्री मासळीसारखे स्निग्धांश नसतात, म्हणून उजनी धरणातला चिलापीसुद्धा रोजचं खाणं म्हणून चालत नाही. नुसती कोळंबीही नको, बऱ्याच कोळंब्यांत तेच एंझाइम असतं. बर्फातली समुद्री मासळी आणा, खारवलेली नको. पांढऱ्या मांसाच्या माशाच्या बारीक फिती आणि माकूळ (स्क्विड) हे मुख्य ठेवा, कोळंबी अधूनमधून. आठवड्यातून एकदा तुकड्यावर व्हिटॅमिनचे थेंब टाका.

नवा मासा मेलेलं खाणं ओळखत नाही, कारण त्याला हलणारं भक्ष्य लागतं. मी खराट्याचा हीर घेतो, त्याचं टोक घासून बोथट करतो, त्यावर तुकडा अडकवतो आणि त्याच्या तोंडासमोर हलक्या झटक्यानं फिरवतो. पहिले काही दिवस तो नुसता बघेल. धीर धरा. एकदा झडप घातली की पुढं हीर दिसताच मासा वर येतो.

पाणी: उजनी, बोअर आणि आरओ

आमच्याकडे नळाला उजनीचं पाणी चार-पाच दिवसांआड, म्हणून घरात बोअरचं वापरायची सवय. ते टाकीत नकोच. माझ्या मीटरवर बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, चार आकडी येतो. आरओचंच पाणी घ्या, पण एक खोच आहे. घरगुती आरओत चव यावी म्हणून टीडीएस कंट्रोलर बसवलेला असतो आणि तो थोडं कच्चं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो. मेकॅनिककडून तो बंद करून घ्या, मिनरलचं कार्ट्रिज असेल तर त्याच्या आधीचं पाणी घ्या. मीठ अ‍ॅक्वेरियमचंच. किराणा दुकानातलं खडेमीठ म्हणजे समुद्राचं पाणी नव्हे, हे लिहावं लागतंय, कारण मी लोकांना ते घालताना पाहिलंय.

घनता १.०२३ ते १.०२५ आणि तापमान २४ ते २७ अंश ठेवायचं. चिलर महाग आहे, पण इथली कोरडी हवा आपल्या कामाची. टाकीचं झाकण काढून वर जाळी टाका आणि पाण्यावर छोटा पंखा सोडा. तापमान दोन-तीन अंश सहज उतरतं. खोलीच भट्टी झाली असेल तर मात्र तेवढ्यानं भागत नाही, टाकी घरातल्या सगळ्यात थंड खोलीत हलवा. इथंच नवे लोक फसतात. पंख्यानं पाणी उडतं, पण मीठ उडत नाही. पातळी घसरली म्हणून मिठाचं पाणी ओतलं की घनता रोज चढत जाते. काचेवर मार्करनं रेघ मारा आणि रोज सकाळी त्या रेघेपर्यंत साधं आरओचं पाणी घाला. मे महिन्यात माझ्या टाकीला रोज तांब्याच्या हिशेबात नाही, बादलीच्या हिशेबात पाणी लागतं.

दुपारी वीज गेली तर बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी असू द्या, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी असतो. आणि नवी टाकी लावून दुसऱ्या दिवशी मासा आणू नका. अमोनिया संपवणारे जिवाणू टाकीत बसायला चार ते सहा आठवडे लागतात.

आजार नाही तो आजार समजणं

अंगावरून पांढुरका पापुद्रा सुटतोय, मासा अंग झटकतोय, मोठा जबडा उघडून जांभई देतोय. घाबरू नका. लायनफिश अधूनमधून वरची पातळ कात टाकतो. कपारीखाली उलटा लटकून बसणं हीसुद्धा त्याची सवय आहे. रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके आणि जोरजोरात श्वास दिसला, तर मात्र वेगळ्या टाकीत उपचार करा. तांबं (कॉपर) असलेलं औषध मुख्य टाकीत घालू नका, ते दगड-वाळूत मुरतं.

सोबतीबद्दल एवढंच की तोंडात मावेल ते सगळं खाणं आहे, तुमचा आवडता क्लाउनफिशसुद्धा. ट्रिगरफिश याचे पंख कुरतडतो. आणि व्होलिटन्स जातीचा लायनफिश फूटभराच्या पुढे जातो, त्याला साडेचारशे लिटरची टाकी लागते. जागा नसेल तर बुटकी झेब्रा किंवा फझी जात घ्या.

हात घालण्याआधी

याच्या पाठीवर तेरा विषारी काटे असतात, पोटाखाली आणखी पाच. मला काटा लागला तो काच पुसताना. मासा दगडाखाली उलटा होता, मला दिसलाच नाही. करंगळीला विंचू डसल्यासारखी कळ, मग ती कोपरापर्यंत चढली. शेजारचे काका म्हणाले, ‘बर्फ लावा की!’ लावला, आणि ते चुकलं. हे विष प्रथिनाचं असतं, ते उष्णतेनं निकामी होतं. सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आत, अर्धा ते दीड तास हात बुडवून ठेवायचा. पाणी दुसऱ्या हातानं तपासा, दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. काट्याचा तुकडा राहिलाय का ते बघा आणि डॉक्टरांकडे जाच. श्वास लागला किंवा चक्कर आली तर गरम पाण्याच्या भानगडीत न पडता सरळ दवाखाना गाठा.

आता काच लांब दांड्याच्या ब्रशनं पुसतो. तरी कधी हात घालावाच लागला, तर मुलगी टाकीच्या दुसऱ्या बाजूला उभी राहते आणि मासा कुठं आहे ते मोठ्यानं सांगत राहते. ‘डावीकडं बाबा. दगडाखाली. हलला… थांबा.’