सभेचे वृत्त आणि साडीचा रंग : आक्षेप कसा नोंदवावा

महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तरीही अर्थसंकल्पाची सभा चालवणाऱ्या महापौरांच्या बातमीत पाणीपट्टीच्या आधी साडीचा रंग येतो, किंवा सरपंचबाईंच्या निर्णयाचे श्रेय परस्पर त्यांच्या यजमानांना दिले जाते. असा मजकूर दिसल्यास प्रथम त्याच वाक्यात पुरुषाचे नाव घालून ते वाचून पाहावे. 'आयुक्तांनी निळा सदरा परिधान करून करवाढ जाहीर केली' हे वाक्य हास्यास्पद वाटत असेल, तर आक्षेपाचा मुद्दा सापडला.

त्यानंतर संबंधित स्त्रीला विचारावे, कारण प्रकरण वाढू नये अशी तिची इच्छा असू शकते आणि ती डावलून केलेला कैवार हाही एक प्रकारचा अधिक्षेपच ठरतो. तिची हरकत नसेल तर संपादकांना पत्र लिहावे: तारीख, पृष्ठ क्रमांक, आक्षेपार्ह वाक्य जसेच्या तसे, आणि दुरुस्ती हवी की खुलासा, याची नेमकी मागणी. 'आपले वृत्तपत्र स्त्रीद्वेष्टे आहे' अशी सुरुवात केलेले पत्र बहुधा केराच्या टोपलीत जाते. सभेतील कोणता निर्णय बातमीतून गळला, हे दाखवणाऱ्या पत्राला उत्तर देणे मात्र भाग पडते.

समाधानकारक उत्तर न मिळाल्यास भारतीय प्रेस परिषदेकडे तक्रार करता येते. दैनिकांच्या बाबतीत प्रसिद्धीपासून दोन महिन्यांची मुदत असते, म्हणून कात्रण आणि पत्राची पोच पहिल्या दिवसापासून जपून ठेवावी.