बायझंटाईन चर्च बघताना नार्थेक्समध्ये थांबायचं कसं

बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या धाटणीच्या, चर्चमध्ये शिरलं की लोक सरळ घुमटाखाली जाऊन माना वर करतात आणि दारालगतची ती अरुंद, आडवी खोली तशीच राहून जाते. तीच नार्थेक्स. माझं ऐका, पहिली दहा मिनिटं तिथेच द्या.

शोधायला सोपी आहे, वेदी बहुधा पूर्वेला असते म्हणून नार्थेक्स पश्चिमेला, आत पाऊल टाकलं की खोली डाव्या-उजव्या हाताला पसरलेली दिसते. कुठे कुठे दोन असतात, बाहेरची आणि आतली. इटलीतल्या राव्हेनाच्या सान व्हिताले चर्चमध्ये (५४७) मात्र ती मुद्दाम तिरकी बसवलीय, त्यामुळे समोर वेदी दिसली नाही म्हणून गोंधळू नका.

आता इथे कोण थांबायचं ते डोक्यात ठेवा. बाप्तिस्मा न झालेले शिकाऊ लोक आणि पापाचं प्रायश्चित्त घेणारे. वाचन, प्रवचन ऐकून झालं की शिकाऊंना बाहेर जायला सांगायचे आणि मुख्य विधी ते नसताना व्हायचा. म्हणून आत जायच्या दाराच्या वर काय चितारलंय ते आधी बघा, कारण तिथे उभ्या माणसाला नेमकं तेच दिसायचं.

इस्तंबूलच्या हागिया सोफियात (५३२-५३७) आतल्या नार्थेक्समधून मुख्य भागात ९ दारं उघडतात, मधलं सगळ्यात मोठं ते सम्राटाचं. आणि त्याच दाराच्या वर मोझेइकमध्ये (बारीक रंगीत तुकडे जडवून केलेल्या चित्रात) एक सम्राट ख्रिस्तापुढे पार वाकून लोटांगण घालतोय! बहुतेक जण त्याला सहावा लिओ मानतात. दक्षिणेकडच्या देवडीतून बाहेर पडत असाल तर मागे वळा, तिथे मेरीला सम्राट जस्टिनियन हे चर्च देतोय आणि सम्राट कॉन्स्टंटाईन हे शहर.

त्याच शहरातल्या कोरा चर्चला गेलात तर क्रम पाळा, नाहीतर गोष्टींची खिचडी होते: आतल्या नार्थेक्समध्ये मेरीचं आयुष्य, बाहेरच्यात मुख्यतः येशूचं बालपण आणि चमत्कार, म्हणजे गोष्ट आतून सुरू होऊन बाहेर येते. फोनचा फ्लॅश नको, सोन्याचे तुकडे सपाट दिसतात, त्यापेक्षा दोन पावलं इकडे-तिकडे सरकून बघा, चमक जागा बदलते. शेवटी दारावरचा गुडघे टेकलेला माणूस बघा, हातात चर्चची प्रतिकृती आणि डोक्यावर भोपळ्याएवढी टोपी (मला तर आधी टोपीच दिसली). हा सम्राटाचा मंत्री थिओडोर मेटोकाइटिस, १३१५ ते १३२१ च्या सुमारास ही सजावट यानेच करून घेतली, पुढे सत्ता गेली, हद्दपारी झाली, आणि परत आल्यावर याच मठात साधू होऊन १३३२ मध्ये वारला.