मुलाचा मोबाइल सोडवायला निघालात? आधी घरातल्या या चुका टाळा

मी बालवर्ग चालवते. दर जूनमध्ये कोणीतरी आई नाहीतर बाबा येऊन विचारतात, "ताई, हा मोबाइल सोडतच नाही, काय करायचं?" विचारतानाही एक डोळा स्वतःच्या फोनवरच असतो.

सगळ्यात नडणारी चूक म्हणजे मोबाइल दाखवून भरवणं. "चार घास तरी जातात पोटात," हे सगळ्यांचं ठरलेलं उत्तर. जातात ना, पण भूक कधी लागली आणि पोट कधी भरलं, हे मुलाला कळेनासं होतं. आमच्याकडे एक मुलगी डबा उघडून समोर ठेवायची आणि नुसती बसून राहायची. घास आपण उचलायचा असतो, हेच तिला ठाऊक नव्हतं. आईला सांगितलं, तिने त्याच रात्री मोबाइल कपाटात टाकला. दुसऱ्या दिवशी दुपारी आजींना नातीचं रडणं बघवेना, त्यांनी टीव्हीवर कार्टून लावून दिलं. रात्री आई-बाबा मालिका बघत जेवायला बसले आणि पोरीला मात्र भिंतीकडे तोंड करून बसवलं! रविवारी आईचा फोन, "ताई, काही उपयोग नाही झाला." आठवडाभरात गुण यायला हे काय खोकल्याचं औषध आहे?

मग आजींनाच बोलावून घेतलं. जेवण स्वयंपाकघरात, सगळ्यांनी एकत्र, टीव्ही बंद. ताटात थोडंच वाढायचं, मागितलं तर पुन्हा. एखाद्या वेळी दोन घास कमी गेले तर जाऊ द्यायचे. (वजन खरंच वाढत नसेल तर बालरोगतज्ज्ञांकडे जा, मोबाइलकडे नको.) गणपतीत ठरवलेलं दिवाळीपर्यंत कुठे अंगवळणी पडलं. आजीच जास्त कटकट करत होत्या, नात नव्हे.

दुसरी चूक, कोणी बघत नसताना चालू असलेला टीव्ही. "तो कुठे बघतोय, खेळतोय की!" असं म्हणतात. नीट बघा, दर थोड्या वेळाने मान वळते आणि खेळ तुटतो. शिवाय आवाज चालू असला की मोठी माणसंही मुलाशी कमी बोलतात. बोलायला उशिरा लागलेलं मूल आलं की मी आधी घरातल्या टीव्हीची चौकशी करते. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने 2022 मध्ये काय केलं बघा. संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास गावातले टीव्ही-मोबाइल बंद. मुलांना अभ्यासाला बसवायचं म्हणून हे सुरू झालं, पण नियम आयाबायांच्या मालिकांनाही लागू होता. म्हणून तर मला ते पटलं. तुमच्या सोसायटीत भोंगा नाही वाजणार, रिमोट उचलून ठेवता येईल.

वेळेचे आकडे विचारतात म्हणून सांगते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मते दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच, फक्त नातेवाइकांचा अधूनमधून व्हिडिओ कॉल चालेल. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास, तोही मोठ्या माणसाच्या सोबतीने. म्हणजे शेजारी बसून, आपापला फोन घेऊन नव्हे.

"अभ्यास केलास तर मोबाइल" हे बक्षीस बंद करा. अभ्यास शिक्षा ठरतो आणि मोबाइल पेढा.

चार्जर बेडरूममध्ये नको. तुमचाही नको. गजरासाठी फोन लागतो म्हणणाऱ्यांनी गजराचं घड्याळ आणावं.

लॉक लावणाऱ्या ॲपवर माझा फारसा विश्वास नाही. घाईतल्या पालकांना ते आवडतं, कारण पैसे भरले की आपलं काम संपल्यासारखं वाटतं. पोरं बाबांचा पासवर्ड बोटांवरून ओळखतात.

माझ्या घरी आल्याबरोबर फोन फ्रिजवर जातो, रिंग मोठी करून. कामासाठी घ्यावा लागला तर मोठ्याने सांगून घेते, "लाइटबिल भरतेय." मुलाला त्यातून फोन कामाचा असतो हे कळतं, आणि बिल भरून झाल्यावर रील्स बघायची आपल्यालाही लाज वाटते.

आणि यूट्यूबवरचं ऑटोप्ले आजच बंद करून टाका. एक गाणं संपल्यावर दुसरं आपोआप लागलं नाही, तर निदान थांबायला जागा तरी मिळते.