सोलापुरातल्या शिक्षिका आजीची स्मरणिका वर्षश्राद्धाच्या आत कशी काढावी

वर्षश्राद्ध तारखेने नाही, तिथीने येतं. त्यामुळे ते कॅलेंडरच्या वर्षाआधी साधारण अकरा दिवस पडतं, आणि मध्ये अधिक महिना आला (2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे) तर अठरा-एकोणीस दिवस पुढे जातं. गुरुजींकडून तिथी पक्की करून घ्या आणि तिथून मागे मोजा. छपाई-बांधणीला तीन आठवडे, मांडणी आणि प्रुफांना एक महिना, लिहायला दोन महिने. उरलेले सगळे महिने कागद आणि आठवणी गोळा करण्यासाठी. लग्नसराईत प्रेसवाले पत्रिकांमध्ये गळ्यापर्यंत बुडालेले असतात, तेव्हा तिथी एप्रिल-मेमध्ये येत असेल तर आणखी पंधरा दिवस धरा.

पहिला धोका घर आवरण्याचा. तेराव्यानंतर पाहुणे पांगले की कुणीतरी आजीचं कपाट उघडतं, साड्या वाटल्या जातात आणि कागद रद्दीत जातात. त्याआधी सेवापुस्तिकेची प्रत, बदलीचे हुकूम, पेन्शनचा आदेश, निरोप समारंभातलं मानपत्र, टाचणवह्या (पाठाची तयारी लिहायच्या वह्या) आणि जमाखर्चाच्या डायऱ्या एका पेटीत काढून ठेवा. पोथ्याही चाळा. भाविक बायका पारायण सुरू केल्याची आणि संपल्याची तारीख आतल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवतात; कुणाच्या आजारपणात, कुणाच्या परीक्षेसाठी, तेही कधी कधी शेजारी असतं. आजीची श्रद्धा दाखवायला असं एक पान छापलं की पुरे, त्याखाली भक्तीची विशेषणं लावायची गरज उरत नाही.

सेवापुस्तिका मिळाली की नोकरीचा कणा हाती येतो: कोणत्या शाळेत, कधीपासून कधीपर्यंत. तीन गोष्टी मात्र ताडून पाहा. जन्मतारीख 1 जून असेल तर ती बहुधा शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली असते. नाव माहेरचं आहे की सासरचं, हे बघा. लग्नाआधी नोकरी लागली असेल तर जुन्या हजेरीत आजी माहेरच्याच नावाने सापडेल. आणि शाळेचं नाव त्या काळचं लिहा, आजचं कंसात. सोलापूर नगरपालिकेची महानगरपालिका 1 मे 1964 ला झाली, त्यामुळे त्याआधीची ‘महापालिका शाळा’ लिहिली की जाणकार वाचक तिथेच अडतो.

आता माणसं. सत्तरी ओलांडलेल्यांपासून सुरुवात करा, नातवंडं थांबू शकतात. ‘बाई कशा होत्या?’ असं विचारलंत तर उत्तर एकच येणार, ‘फार प्रेमळ होत्या हो.’ ते छापून काही हाती लागत नाही. त्याऐवजी विचारा: तास कशाने सुरू व्हायचा? गृहपाठ नसला तर बाई काय करायच्या? डबा न आणणारं पोर जेवायला कुठे बसायचं? फळ्यावर तारीख कोण लिहायचं? असे प्रश्न टाकले की प्रेमळपणा आपोआप बाहेर येतो, तोही कृतीतून. साल आठवत नसेल तर खुणा द्या: बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर, किल्लारीच्या भूकंपाच्या (30 सप्टेंबर 1993) वेळी बाई नोकरीत होत्या का, त्या वर्षी गड्ड्याला (सिद्धेश्वराच्या जत्रेला) मुलांना घेऊन गेल्या होत्या का.

शहराच्या पूर्व भागातल्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड. रंगात आलं की माणूस घरच्या भाषेत घुसतो. अडवू नका, ती वाक्यं देवनागरीत तशीच घ्या आणि खाली अर्थ द्या. रेकॉर्डिंगला फोन चालतो, पण विमान मोडवर टाका, पंखा बंद करा आणि फोन बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. शेजारी यंत्रमाग असतील तर माग बंद असतात त्या सुट्टीच्या दिवशीच जा. खटखट नंतर कोणत्याही अॅपने नीट निघत नाही, शब्दांचे शेवट खाऊन टाकते.

फोटोंमध्ये सगळ्यात जास्त नुकसान उत्साहाने होतं. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो नखाने उचकटायचा नाही. कोपऱ्याखालून बारीक दोरा घालून हळूहळू सरकवत न्यायचा, आणि अडला तर पानासकट स्कॅन करायचा. लॅमिनेशन, सेलोटेप नकोच. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने, कारण बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. दोन बाय तीन इंचांचा छोटा फोटो 600 डीपीआयला स्कॅन केला तर दुप्पट आकारात स्वच्छ छापता येतो. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून आलेली प्रत छपाईला घेऊ नका, डॉक्युमेंट म्हणून मागवा. वर्गाच्या सामूहिक फोटोची मोठी झेरॉक्स काढून प्रत्येक डोक्यावर आकडा घाला आणि ती माजी विद्यार्थ्यांमध्ये फिरवा. नावं भराभर भरतात, आणि एका आकड्यावर दोन नावं आली तर भांडणंही होतात. तिथे जागा कोरी सोडलेली बरी.

छपाईचा हिशोब सोपा आहे. ए-5 आकार, आतली 32 पानं, मध्ये पिन. पानसंख्येला चारने भाग गेलाच पाहिजे, नाहीतर शेवटी कोरी पानं राहतात. आत 100 जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) कागद, फोटोंच्या पानांना 130 जीएसएमचा आर्ट पेपर, मुखपृष्ठाला 300 जीएसएमचा कार्ड. वाचणारे बहुतेक चष्मेवाले, म्हणून अक्षर 14 पॉइंटचं ठेवा. पानावर दीड-पावणेदोनशे शब्द बसतील. शे-दोनशे प्रतींना डिजिटल परवडतं, पाचशेच्या पुढे ऑफसेट.

खरी गडबड फॉन्टची. तुम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहिता, प्रेसमध्ये बऱ्याचदा श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये, मांडणी होते. रूपांतरात ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’, ‘ॲ’ आणि काही जोडाक्षरं फुटतात, आणि वाचता वाचता वाचक ठेचकाळतो. शिक्षिकेच्या स्मरणिकेत शुद्धलेखन चुकलं तर माजी विद्यार्थी आधी तेच दाखवतील! म्हणून प्रूफ कागदावर काढून लाल पेनाने तपासा, दोघांनी, एकाने मोठ्याने वाचून. आडनावं आणि तारखांची फेरी वेगळी करा. शेवटच्या फाइलमध्ये अक्षरांचे कर्व्ह केले, म्हणजे अक्षरांची चित्रं केली, की मजकूर दुरुस्त होत नाही, तेव्हा सगळ्या दुरुस्त्या त्याआधी. जिवंत माणसांचे फोन नंबर आणि पत्ते छापू नका.

प्रकाशन श्राद्धाच्या पंगतीत उरकण्याऐवजी त्याच आठवड्यातल्या रविवारी संध्याकाळी ठेवा. श्राद्धाचा स्वयंपाक आणि सोवळंओवळं सांभाळताना घरातल्या बायकांना बसायलाही मिळत नाही. रविवारी चहा, शेंगापोळी आणि तासाभराचा कार्यक्रम पुरतो. बोलणारे चार, प्रत्येकी सात मिनिटं, घड्याळ एका कडक नातीच्या हाती.

शाळेत आजीच्या नावाने बक्षीस ठेवायचं असेल तर आकडे आधी मांडा. 10000 रुपयांच्या ठेवीवर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला 650 रुपये येतात, म्हणजे एका मुलीला दप्तर किंवा चार पुस्तकं. रक्कम मुख्याध्यापकांच्या हातात नुसती देऊ नका. त्यांची बदली झाली की पुढच्यांना काही माहीत नसतं. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, ठेव पावतीची प्रत आणि बक्षीस कुणाला, कशासाठी हे एका ओळीत लिहून घ्या. ‘आदर्श विद्यार्थिनी’ असं मोघम नको. ‘चौथीत वर्षभरात सर्वांत जास्त हजेरी’ असं लिहिलं की कुणाला वाद घालता येत नाही.

दहा प्रती बाजूला काढा: दोन शाळेला, एक शहरातल्या हिराचंद नेमचंद वाचनालयाला, बाकी पुढे येणाऱ्या नातसुनांसाठी. रेकॉर्डिंग आणि स्कॅन दोन वेगवेगळ्या घरांतल्या पेनड्राइव्हवर ठेवा, आणि वर्षातून एकदा, तिथीलाच, उघडून चालतात का ते पाहा.